झेंडूची बखर

फुलांच्या जगातसुद्धा आपल्यासारख्याच पेठा असतात. मोगरा, जाई, जुई, सायली ही जुन्या पेठेतली घरंदाज मंडळी. अंगाने नाजूक, रंगाने गोरी, बोलणं हळू, आणि वास येतो तोसुद्धा आधी दारावर टकटक करून. गुलाब म्हणजे बंगलेवाला. फाटकावर काटे लावून बसलेला. खत, छाटणी, फवारणी असा त्याचा बारा महिने तेरा काळ खर्च चालू. निशिगंधाचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात स्वागताला उभं राहण्यात जातं. आणि झेंडू? झेंडू गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळच्या ओलीत, कमरेवर हात ठेवून उभा. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि तोही कुणाला विचारून आलेला नसतो.

ही वाटणी भाषेनेसुद्धा मान्य केली आहे. मोगऱ्याला सुवास असतो, केवड्याला गंध असतो, चाफा दरवळतो. झेंडूला मात्र नुसता 'वास' असतो. आणि 'वास येतोय' हे वाक्य मराठी घरात कौतुकाने कधी उच्चारलं गेल्याचं मला तरी आठवत नाही. ते ऐकलं की घरातला कोणीतरी उठून आधी गॅस बघतो आणि मग उंदराचा पिंजरा. कवींनी मोगऱ्याचे मळे पिकवले, पारिजातकाचे सडे घातले. झेंडूच्या वाट्याला काय आलं? १९२०नंतरच्या दशकात केशवकुमारांनी, म्हणजे आपल्या आचार्य अत्र्यांनी, तत्कालीन कवींची यथेच्छ टर उडवणारी विडंबनं लिहिली आणि त्या पुस्तकाला नाव दिलं 'झेंडूची फुले'. थट्टाच करायची तर ती झेंडूच्या नावाने! झेंडूनेही ती मनावर घेतली नाही. पुढच्या दसऱ्याला तो होता तिथेच, होता तसाच, चौकटीवर हजर.

आमच्या वाड्यात झेंडू कोणी लावला, हे कुणालाही सांगता येत नसे. आंबा आजोबांनी लावला होता, प्राजक्त थोरल्या काकूने माहेरून आणला होता. कढीलिंबाच्या मालकीवरून तर दोन बिऱ्हाडांत अबोला होता. झेंडूवर हक्क सांगायला मात्र कधी कोणी पुढे आलं नाही. दसऱ्याचं तोरण दिवाळीपर्यंत वाळून खडखडीत व्हायचं. आई ते उतरवून, हाताने चुरून, तुळशीवृंदावनामागच्या मातीत टाकायची. 'लावायची' असं मी म्हणत नाही. निर्माल्य पायदळी येऊ नये एवढाच तिचा हेतू. मग थंडी जायची, उन्हाळा जायचा, त्या जागेवर पोरं गोट्या खेळायची आणि जूनमध्ये दोन पाऊस झाले की गोट्यांच्या गलीतून हिरवी कातरलेली पानं वर यायची. भाद्रपदात कळ्या, अश्विनात फुलं. बरोबर दसऱ्याला. आमच्या घराण्यात इतका वक्तशीर दुसरा कोणी निपजला नाही.

निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टींचा मुबलक साठा होतो, एक वेळ आणि दुसरी जिज्ञासा. काही जण त्या वेळात घराण्याची वंशावळ शोधतात आणि तिसऱ्या पिढीपाशी कोणीतरी अडचणीचा पूर्वज भेटला की थांबतात. मी म्हटलं, आपण झेंडूची वंशावळ काढू. त्यात निदान जमिनीचा दावा निघणार नाही.

बखर म्हटली की मूळपुरुषापासून सुरुवात हवी. आमच्या या नायकाचं मूळ गाव ना पुणे, ना पैठण. ते निघालं थेट मेक्सिको! तिथल्या अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव 'सेंपोआलशोचित्ल'. 'सेंपोआली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. वीस फुलांचं फूल. ते लोक विसाच्या पटीत मोजायचे. त्यामुळे वीस म्हणजे एकूण 'पुष्कळ', जसं आपण कुणालाही 'छप्पन वेळा सांगितलं' म्हणतो तसं. पण हे नाव ठेवणारा माणूस वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाइतका बरोबर होता. कारण झेंडूचं एक फूल म्हणजे एक फूल नव्हेच, ती सभा असते. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र फूल. अशी कितीतरी फुलं एका हिरव्या पेल्यात खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि सभा संपल्यावर बहुतेक प्रत्येक सभासद आपापलं एक बी मागे ठेवून जाणार. काळी बारीक सुई आणि तिच्या टोकाला फिकट पिवळा कुंचला, असं ते बी. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बसतात. तुळशीमागे टाकलेल्या त्या मूठभर चुऱ्यात अख्खा तालुका असायचा.

अझ्टेकांकडे या फुलाला देवाधर्मात तर मान होताच, पण वैद्याच्या बटव्यातही जागा होती. १५५२ साली मार्तीन दे ला क्रूस नावाच्या तिथल्याच एका वैद्याने औषधी वनस्पतींचा एक सचित्र ग्रंथ केला आणि हुआन बादियानो याने त्याचं लॅटिन भाषांतर केलं. ते हस्तलिखित पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जाऊन पडलं आणि १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते मेक्सिकोला परत केलं. त्यात झेंडूचे तीन उपयोग सापडतात. उचकी लागली तर झेंडू. अंगावर वीज पडली तर झेंडू. आणि नदी सुखरूप ओलांडायची असेल तरी झेंडू. उचकी आणि वीज या दोन्ही तक्रारी एकाच पुडीत बऱ्या करणारा वैद्य आमच्या पेठेत असता तर त्याच्या दारातली रांग हलली नसती. नदीचं म्हणाल, तर आपल्याकडेही पूल यायच्या आधी होडीत बसताना नदीत फूल सोडायचे. झेंडूने नदीच काय, समुद्र ओलांडला.

हर्नान कोर्तेझ १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५२१ साली अझ्टेकांची राजधानी पडली. विजेत्यांनी सोनं जहाजांत भरलं. सोन्याबरोबर कुणाच्या तरी पिशवीत, कुणाच्या खिशाच्या शिवणीत ही काळी सुई गेली. सोन्याचं पुढे काय झालं ते इतिहासकार सांगतात. राजे लढाया करून ते संपवून बसले. सुई मात्र रुजली. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात झेंडूचं चित्र छापून आलं. दोन दशकांत मेक्सिको ते जर्मनी, तेही मातीत बी पडलं तर उगवायचं एवढ्या एकाच कलेच्या जोरावर! आमची एक नोंदणीकृत पावती याहून कमी अंतर कापायला किती दिवस घेते याचा मला अनुभव आहे. पण ते असो.

या फुक्सने त्याला 'टॅजेटिस' म्हटलं, आणि १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नावांची मोठी यादी केली तेव्हा तेच नाव कायम केलं. हे नाव टेजीस या देवावरून आलं असं मानतात. रोमच्याही आधी इटलीत एट्रुस्कन लोक राहत. त्यांची अशी कथा की एक शेतकरी शेत नांगरत असता फाळ जरा खोल गेला आणि तासातून एक बालक वर आलं. ते बालक म्हणजे टेजीस. त्याने जमलेल्या लोकांना शकुन बघण्याची विद्या शिकवली. दरवर्षी जमिनीतून आपला आपणच वर येणाऱ्या या रोपाला त्याचं नाव शोभून दिसतं.

हे वाचलं आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. नांगराच्या तासात सापडलेलं मूल! ही गोष्ट आपल्याला कोणी वेगळी सांगायला हवी का? आपली सीता जनकाला नेमकी अशीच सापडली. म्हणजे नात्याने झेंडू हा सीतेचा इटलीतला भाऊ लागतो. मी ही बातमी आमच्या आत्याला सांगितली. आत्याचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिने शांतपणे वाती वळत विचारलं, "म्हणजे झेंडू आपला नव्हे?"

म्हटलं, "नव्हे आत्या. अमेरिकेतून आलेला. पोर्तुगीजांनी इकडे आणला असं मानतात. चारशे-साडेचारशे वर्षं झाली असतील."

"मग राम लंका जिंकून अयोध्येला आला तेव्हा दाराला तोरण कशाचं लावलं होतं?"

"नुसतं आंब्याच्या पानांचं लावलं असणार."

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बिचारा राम!"

एवढ्या दोन शब्दांत तिने सगळा प्रश्न निकालात काढला. झेंडू परका ठरला नाही. झेंडूच्या आधी जन्मलेले लोकच गरीब ठरले. नंतर मला वाटलं, पाहुण्याला घरचा मानण्याची याहून सोपी रीत कोणती? आपल्या उपासाचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, आणि खिचडीत घालायची हिरवी मिरचीही तिकडचीच. एकादशीला आपण जे पोटात ढकलतो त्यातली तुपाची धार आणि जिरं वगळलं तर फारच थोडं यादवांच्या काळात इथे होतं. इतकंच काय, सीतेचं नाव लावून बसलेलं सीताफळसुद्धा अमेरिकेहून आलेलं! धर्मशास्त्राने या सगळ्यांना कधी आत घेतलं याची नोंद नाही. कोणीतरी बाईने एक दिवस ताटात वाढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते शास्त्र झालं.

झेंडूचंही तसंच झालं असणार. त्याला इथे आणणाऱ्याचं नाव माहीत नाही. पहिलं बी कुठल्या अंगणात पडलं याचा शिलालेख नाही. गोव्याला तोफा आल्याची तारीख आहे, किल्ले घेतल्याच्या तारखा आहेत, तहाची कलमं आहेत. फुलाची मात्र तारीख नाही. मला हे फार रास्त वाटतं. जे मुद्दाम लावलं जातं त्याचे फलक लागतात. जे आपोआप उगवतं त्याचा इतिहास कोण लिहिणार? आणि नावं तरी लोकांनी काय ठेवावीत? कन्नडमध्ये 'चेंडू हूवु', तेलुगूत 'बंति', म्हणजे पुन्हा चेंडूच. हातात घेतलं, गोल लागलं, चेंडू म्हटलं, मोकळे झाले. आपला 'झेंडू' त्याच खेळातला दिसतो.

त्या मानाने शहाण्या लोकांनी ठेवलेली नावं बघा. मोठ्या झेंडूला इंग्रज म्हणतात 'आफ्रिकन मॅरिगोल्ड'. का, तर १५३५ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने ट्युनिस जिंकलं तेव्हा तिथून हे फूल आलं अशी युरोपात समजूत झाली. लहान झेंडूला म्हणतात 'फ्रेंच मॅरिगोल्ड'. स्वतः फुक्सने त्याला 'इंडियन' ठरवून टाकलं होतं. म्हणजे गृहस्थ मेक्सिकोचा, कागदपत्रात एकदा हिंदुस्थानी, एकदा आफ्रिकन, एकदा फ्रेंच. आणि मॅरिगोल्ड हे आडनावही दुसऱ्याचं! ते मुळात कॅलेंडुला नावाच्या एका वेगळ्याच फुलाचं. ज्याच्या शिधापत्रिकेवर नाव, वय आणि पत्ता तिन्ही चुकलेलं आहे अशा माणसाला झेंडूबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

आता येतो तो वासाचा प्रश्न, आणि बखरीतलं खरं युद्ध इथे आहे. १५९७ साली जॉन जेरार्ड या इंग्रजाने आपल्या जाडजूड वनस्पतिग्रंथात झेंडूच्या वासाला नाकं मुरडली आणि वर त्याला विषारीही ठरवलं. तेव्हापासून गोऱ्या बागांत या फुलाला रंगासाठी घेत आणि वासासाठी दूर ठेवत. झेंडूचा वास नुसता फुलात नसतो. त्याच्या पानापानात तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पान उजेडाकडे धरलं तर ठिपके दिसतात. नुसता हात लागला तरी वास बोटांना चिकटतो आणि जेवणापर्यंत सोबत करतो.

अमेरिकेत डेव्हिड बर्पी नावाचे एक बियाण्यांचे मोठे व्यापारी होते. फिलाडेल्फियाला १८७६ साली वडिलांनी काढलेला धंदा १९१५पासून ते चालवत होते आणि झेंडूवर त्यांचा विलक्षण जीव होता. कुणावर जीव असला की माणूस काय करतो? त्याला सुधारायला निघतो. बर्पींनी ठरवलं की झेंडूत दोन गोष्टी काय त्या खटकतात, त्या तेवढ्या काढू. एक त्याचा वास आणि दुसरी, पांढरा रंग नसणं. लग्नानंतर पहिल्या वर्षात नवऱ्यांच्या बाबतीत अशीच एक यादी तयार होते.

वासाचं त्यांना साधलं. चीनमधल्या एका मिशनऱ्याने पाठवलेल्या बियांतून, ज्याच्या पानांना वास नाही असा झेंडू मिळाला आणि १९३७ साली 'क्राउन ऑफ गोल्ड' नावाने तो बाजारात गाजला. मग पांढऱ्याची पाळी आली. १९५४ साली बर्पींनी जाहीर केलं की शुद्ध पांढऱ्या झेंडूचं बी जो पाठवील त्याला दहा हजार डॉलर! देशभरातून पाकिटं येऊ लागली. कोणाचा पिवळट, कोणाचा सायीसारखा, कोणाचा धुवून वाळत घातल्यासारखा. असं एकवीस वर्षं चाललं. शेवटी १९७५ साली बक्षीस मिळालं ते कुठल्या प्रयोगशाळेला नाही, तर आयोवा राज्यातल्या सली नावाच्या छोट्या गावातल्या अ‍ॅलिस व्हॉन्क या बाईंना. त्यांची पद्धत अगदी साधी होती. दर हंगामात बागेतलं सगळ्यात फिकं फूल हेरायचं, त्याचं बी धरायचं, पुढल्या वर्षी तेच लावायचं. पुन्हा सगळ्यात फिकं, पुन्हा बी. वर्षानुवर्षं. या बाईंच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण पांढरा झेंडू दसऱ्याला आमच्या दारात आणला तर घरात काही अशुभ झालं का, असं शेजारी विचारायला येतील.

बर्पींचं आणखी एक स्वप्न होतं. झेंडू अमेरिकेचं राष्ट्रीय फूल व्हावा! इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी १९५९पासून सिनेटमध्ये हा ठराव लावून धरला. गडगडाटी आवाजाचा हा वजनदार पुढारी दरवर्षी उठून झेंडूची स्तुती करायचा. ते १९६९ साली वारले. पुढे १९८६ साली अमेरिकेने राष्ट्रीय फूल ठरवलं, आणि ते कोणतं? गुलाब! म्हणजे तिथेही शेवटी बंगलेवालाच निवडून आला.

आमच्या घरी ही सुधारणा एकदा पाकिटातून आली. हिने कुठल्याशा प्रदर्शनातून संकरित झेंडूचं बी आणलं. पाकिटावरचा झेंडू पत्ताकोबीएवढा होता. फुलंही आली, खरोखरच मोठी, गच्च भरलेली. हिने हौसेने बी धरलं, कागदात बांधून, वर तारीख घालून. पुढच्या पावसात उगवलेल्या रोपांना मात्र सात तऱ्हेची फुलं. एक दुहेरी, दोन लहान, बाकीची एकेरी, पाच-सहा पाकळ्यांची, आणि मध्ये बटणासारखा पिवळा गोळा.

"अहो, फसवलं की हो यांनी," ही म्हणाली.

फसवलं नव्हतं. संकरित बियांचा हा स्वभावच आहे. पहिली पिढी सगळी एकसारखी, जणू एका शिंप्याकडे कपडे शिवलेली. पण तिच्या पोटी आलेल्या पिढीत आजोबा-पणजोबा सगळे पुन्हा डोकावतात. एखाद्याचं नाक, एखाद्याचा राग. आणि त्या गच्च भरलेल्या मोठ्या फुलांत बीही फार कमी धरतं. एकेरी गरीब फूल बघावं तर बियांनी ओतप्रोत. पाकिटावरच्या चित्रासारखं दरवर्षी यायचं असेल तर दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. आपलं आपण यायचं असेल तर थोडं साधं व्हावं लागतं. मी हे वाक्य हिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही फारच आपले आपण येता, जेवायच्या वेळेला."

वास काढून टाकण्याचा उद्योग मात्र माझ्या मनातून जाईना. या झेंडूने वासाशिवायही माणसाचं पुष्कळ केलं आहे. १९५८ साली नेदरलंड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या मुळांतल्या द्रव्याने जमिनीतले सूत्रकृमी मरतात. टोमॅटोच्या शेतात झेंडूच्या ओळी लावतात त्या काही शोभेसाठी नव्हे. त्याच्या पाकळ्यांतला पिवळा रंग कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, म्हणजे अंड्याचा बलक केशरी दिसतो. दादरच्या फुलबाजारात मोगरा गजऱ्याने आणि गुलाब नगावर मोजतात. झेंडू किलोवर जातो, कांद्यासारखा. दसऱ्याला तो देवाच्या मूर्तीपासून ट्रकच्या बंपरपर्यंत, तिजोरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे बसतो. मोगऱ्याची माळ गिरणीला घालून बघा. दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

पण त्याच्या मूळ गावी त्याला ठेवलं आहे ते वासासाठीच. मेक्सिकोत दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आणि दुसऱ्या तारखेला मृतांचा दिवस पाळतात. आपल्या सर्वपित्रीसारखाच, फक्त जास्त उजेडात. घरात गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, त्यांना आवडणारे पदार्थ ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. श्रद्धा अशी की गेलेल्यांना दुरून घर दिसत नाही, पण झेंडूचा रंग आणि त्याचा तो उग्र वास ओळखता येतो. त्या वासाच्या मागोमाग ते बरोबर आपल्या घरी येतात. आपल्याकडे कावळ्याची वाट बघावी लागते. तो यायचा तर येतो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीवर बसून राहतो आणि आपण खाली 'काकाच्या मुलीचं लग्न लावून देऊ' असली आश्वासनं देत असतो. त्यांचं बरं आहे. त्यांनी नुसता रस्ता आखून ठेवला.

आता सांगा, बर्पीसाहेबांचा तो बिनवासाचा झेंडू त्या वाटेवर पसरला तर? माणसं यायची कशी? बिचारी दुसऱ्यांच्याच घरी जाऊन जेवायची!

आमचा वाडा पडला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जागेवर सहा मजली इमारत आली, तिच्या खाली गाड्या उभ्या असतात, आणि तुळशीवृंदावन होतं तिथे, मापाने सांगायचं तर, तिसऱ्या क्रमांकाची मोटार. आई त्याआधीच गेली. वाडा रिकामा करायच्या दिवशी माणसं पितळी भांडी मोजत होती, फळ्या मोजत होती. आमच्या आत्याने मात्र वृंदावनामागे जाऊन झेंडूची वाळलेली बोंडं खुडली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि नव्या जागेत आल्यावर ती गाठ हिच्या हातात दिली. "तुझ्या सासूचं आहे," एवढंच म्हणाली. कोणी विचारलं असतं तर वाड्यातून निघताना आम्ही कागदोपत्री काय नेलं, त्यात ही गाठ कुठेच नव्हती.

आमच्या या सदनिकेला गॅलरी आहे. गॅलरीत सहा कुंड्या आहेत. पहिल्या वर्षी हिने बी पेरलं. त्याला विशेष काहीच करावं लागत नाही. जूनमध्ये वरची माती जरा मोकळी करायची, बी पसरायचं, वर नखभर माती, पाण्याचा शिंतोडा. चार-सहा दिवसांत अंकुर दिसतो. वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे रोप फुटतं. जास्त लाड करून खत घातलं तर ते नुसतं पानंच वाढवत बसतं, आणि ही गोष्ट नातवंडांच्या बाबतीतही खरी आहे. दोन-अडीच महिन्यांत फूल. तेवढं पहिलं वर्ष काय ते आमचं. पुढच्या वर्षीपासून त्याने कारभार स्वतःच्या हातात घेतला. मोगऱ्याच्या कुंडीत उगवला, कोरफडीच्या कुंडीत उगवला. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने एकदा वर येऊन सांगितलं की त्यांच्या वातानुकूलन यंत्राच्या मागच्या फटीत झेंडू आलाय आणि तो बहुधा तुमचा आहे. मी म्हटलं, उगवून गेल्यावर तो ज्याच्या फटीत त्याचा.

आकाराने तो लहानच आहे. एकेरी, तांबूस कडेचा, प्रदर्शनात कोणी ढुंकून पाहणार नाही असा. मेक्सिकोहून निघाला, कुठल्या कुठल्या देशांची नावं लावून आला, आमच्या वाड्यात किती पिढ्या राहिला आणि आता चौथ्या मजल्यावर येऊन राहिलाय, तरी वासात रतीभर फरक नाही. पावसाची सर येऊन गेली की गॅलरीचं दार उघडायचा अवकाश, घरभर वाड्यातला अश्विन महिना पसरतो. परवा माझा नातू नाक दाबत म्हणाला, "आजोबा, कसला वास येतोय?"

त्याला म्हटलं, "वास नाही रे, पत्ता आहे. तुझ्या पणजीने हे घर कधी पाहिलं नव्हतं. तिला सापडायला नको?"

त्याने नाकावरचा हात काढला, एकदा जोरात हुंगलं आणि दारावरची पाटी बघावी तसं गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "सापडेल. लिफ्ट चालू असली तर."